तळणीचा किरण आणि कुलाब्याची सुई

(मेहकर येथे दिलेल्या वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा छापील पाठ. भाषणानंतर विचारल्या गेलेल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं ओघातच घेतली आहेत.)



आकाशातून एखादी गोष्ट येऊन आदळली म्हणजे काय होतं, हे मेहकरकरांना सांगायला बाहेरगावच्या माणसाची गरज नाही. लोणार तुमच्या शेजारी आहे. काळ्या बेसॉल्टमध्ये पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पाडून तो पाहुणा गेला. आज मी ज्या पाहुण्याबद्दल बोलणार आहे त्याचं वजन निघताना शंभर कोटी टन असतं, मोठा असला तर हजार कोटी टन. वेग तासाला दहा-वीस लाख किलोमीटर, कधी त्याच्या कितीतरी पट. तो पृथ्वीवरून जातो आणि बांधावरचं गवतसुद्धा हलत नाही. कारण इथे पोचेपर्यंत तो कोट्यवधी किलोमीटर पसरलेला असतो आणि चमचाभर जागेत त्याचे मोजून काही डझन कण सापडतात. हलते ती चुंबकाची सुई, आणि तीही इतकी थोडी की ते टिपायला वेधशाळा लागते. या पाहुण्याला सूर्याच्या किरीटातून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणातून, होणारं वस्तुमान-उत्सर्जन म्हणतात. शास्त्रज्ञ आपसात ‘सीएमई’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

सूर्यावर स्फोट झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, हे वाक्य आज शाळकरी मुलगाही बोलतो. त्या वाक्यातल्या ‘आणि’ची किंमत शंभरांहून जास्त वर्षं आहे. सूर्याकडे बघणारे लोक वेगळे होते, सुईकडे बघणारे वेगळे. दोघांच्या वह्या एकमेकांशेजारी मांडल्यावरच काही कळलं. मला आज सांगायचं आहे ते एवढंच की या दोन्ही प्रकारच्या वह्यांतली काही मोलाची पानं आपल्या महाराष्ट्रात लिहिली गेली. एक मुंबईत, एक आपल्या वऱ्हाडात.

आधी मुंबई. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. चुंबकीय नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना, मिसरूड फुटायच्या वयात तिथे साहाय्यक म्हणून लागले होते. बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ तिथला कारभार पाहिला. मराठी पत्रकारितेचा जनक आणि मराठीतला आधुनिक गणिती, दोघांचीही हजेरी एकाच वेधशाळेत. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, पण तो आजचा विषय नाही.

तिथलं काम कसं चाले ते बघा. बारीक धाग्याला चुंबक टांगलेला. तो किंचित फिरला की किती फिरला हे दुरून दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायचं आणि वहीत आकडा लिहायचा. तासाला एकदा, दिवसा आणि रात्री. मुंबईचा पाऊस पडतोय, घामाच्या धारा लागल्यात, आणि आकडा कालच्याइतकाच. महिनोन्‌महिने काहीही घडत नाही आणि तरी ते लिहायचं. मात्र आकडा विचित्र दिसू लागला की तासाची वाट न बघता काही काही मिनिटांनी वाचन घ्यायचं, असा शिरस्ता होता. हा शिरस्ता फार महत्त्वाचा ठरला.

१ सप्टेंबर १८५९. लंडनच्या दक्षिणेला रेडहिल गावी रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा हौशी, पण अत्यंत काटेकोर खगोलशास्त्रज्ञ पडद्यावर सूर्याचं प्रतिबिंब पाडून डागांचं चित्र काढत होता. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर पांढऱ्या उजेडाचे दोन ठिपके लखलखले आणि पाचएक मिनिटांत विझले. सौरज्वाला माणसाने पाहिल्याची ही पहिली नोंद. हायगेटला रिचर्ड हॉजसन यानेही तेच पाहिलं, म्हणून कॅरिंग्टनच्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. मुंबईच्या घड्याळात तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरच्या सकाळी, कुलाब्याची सुई ढळली. दुपारच्या आत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. मुंबईत हा घटक साधारण ३८ हजारांच्या आसपास असतो, म्हणजे चार टक्क्यांची घट. ऐकायला किरकोळ वाटते. पण शंभर नॅनोटेस्लांची घट झाली तरी आज त्याला मोठं वादळ म्हणतात. त्याच वेळी अमेरिकेत तारयंत्राचे कारकून बॅटऱ्या सोडवून ठेवून नुसत्या तारेत आलेल्या प्रवाहावर संदेश पाठवत होते आणि क्युबासारख्या उष्ण प्रदेशातल्या लोकांना आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसत होता.

युरोपातल्या अनेक वेधशाळांत तेव्हा फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी नवी यंत्रं आलेली होती. त्या दिवशी त्यांची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यात माणूस डोळ्यांनी मोजपट्टी वाचत होता, त्याला कागदाची कड नव्हती. शिवाय मुंबईची जागाही नेमकी. ध्रुवाजवळच्या वेधशाळेत डोक्यावरच्या ध्रुवीय प्रकाशाचे विद्युतप्रवाह सुईला भलतीकडेच ओढतात. अगदी चुंबकीय विषुववृत्तावर बसलात तर तिथला स्वतःचा प्रवाह गोंधळ घालतो. मुंबई या दोहोंपासून दूर. पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर वादळाच्या वेळी विद्युतकणांचं एक कडं फिरतं, त्याचा परिणाम इथे बराचसा निखळ दिसतो.

या वहीकडे जगाचं लक्ष गेलं ते फार उशिरा. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरुबक्ष लाखिना व शोभना ॲलेक्स यांनी कुलाब्याची ती पानं वापरून कॅरिंग्टनच्या वादळाचं मोजमाप प्रसिद्ध केलं. एकशे चव्वेचाळीस वर्षं आकडे छापील खंडांत पडून होते. सगळ्यांना ते पटलं असं नाही. ती खोल घट पूर्णपणे त्या कड्यामुळेच झाली की खाली सरकलेल्या ध्रुवीय प्रवाहांचा त्यात वाटा होता, यावर अजून वाद आहे आणि तासाची सरासरी काढली तर घट निम्म्याजवळ येते. पण वाद घालायला आकडा लागतो आणि तो कुलाब्याने दिला.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने सुई बिघडणार, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुने आणि नवे आकडे जुळवता यावेत. अलिबागला आजही नोंद चालू आहे. एवढी लांब अखंड मालिका जगात मोजक्याच ठिकाणी आहे. मूस यांनी १९१० मध्ये कुलाब्याच्या साठ वर्षांच्या आकड्यांचा अभ्यास छापला आणि वादळाचा स्वतःचा आलेख रोजच्या चढउतारापासून वेगळा काढून दाखवला. अलिबागला समुद्रात पाय बुडवायला जाणाऱ्यांनी कधी त्या वास्तूकडे मान वळवून बघावी.

तर सुईची वही अशी होती. आता प्रश्न असा की सूर्यावरची ज्वाला आणि सुईचं ढळणं यांचा संबंध आहे हे १८५९ नंतर लगेच मान्य का झालं नाही? कॅरिंग्टन स्वतःच जपून बोलला. पण खरा अडसर आला तो १८९२ मध्ये आणि तो घातला लॉर्ड केल्व्हिन यांनी, त्या काळच्या भौतिकशास्त्रातल्या सर्वांत वजनदार माणसाने. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हिशेब मांडला. १८८५ सालच्या जून महिन्यातलं एक साधारण चुंबकीय वादळ घेतलं आणि सांगितलं की ते सूर्याने घडवलं असेल, तर त्या आठ तासांत सूर्याला एरवीच्या चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा खर्चावी लागली असती. हे अशक्य, तेव्हा सूर्यावर डाग वाढले की वादळंही वाढतात असा जो मेळ दिसत होता, तो निव्वळ योगायोग.

केल्व्हिन यांच्या गणितात चूक नव्हती. गृहीतात होती. सूर्याकडून जे काही निघतं ते सर्व दिशांना सारखं पसरतं, असं त्यांनी धरलं. ते एखाद्याच दिशेला, मर्यादित रुंदीत जात असेल तर सगळा हिशेब कोसळतो. पण ते तसं जातं हे दाखवणार कसं? सूर्याचं किरीट त्याच्या तबकडीहून सुमारे दहा लाख पट फिकं. दिवसाच्या निळ्या आकाशात ते दिसतच नाही. खग्रास ग्रहण लागलं तरच, तेही दोन-चार मिनिटं.

असं ग्रहण २२ जानेवारी १८९८ ला महाराष्ट्रावरून गेलं. मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत होती आणि अशा दिवसांत जगभरच्या वेधकर्त्यांचे तंबू इथे पडले. सावलीचा पट्टा कोकणात शिरला आणि ईशान्येकडे तिरका चढत वऱ्हाडातून पुढे गेला. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर. इथे थोडं थांबतो, कारण विजयदुर्गावर १८६८ मध्ये लॉकियर यांनी हेलियम शोधला असं आपल्याकडे आवडीने सांगितलं जातं. १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. किल्ल्यावर ते आले ते या १८९८ च्या ग्रहणाला. इतकी चांगली खरी गोष्ट हाताशी असताना तीस वर्षं आधीची आख्यायिका कशाला जोपासायची? करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन गेले होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेलही तिथेच होते. नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभी केली होती. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याने ती राखायला हवी होती, असं माझं मत आहे.

आणि आपल्या बाजूला, नागपूर रेल्वेच्या मार्गावर, धामणगावच्या पुढे आणि वर्धा नदी ओलांडून पुलगाव येण्याच्या आधी एक छोटं स्टेशन आहे, तळणी. तिथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली. एडवर्ड वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर आणि जॉन एव्हरशेड, जे पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले.

ॲनी माँडर यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. केंब्रिजच्या गिर्टन कॉलेजात गणित शिकलेली ही बाई ग्रिनिच वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर आकडेमोड करायला लागली. रोज सूर्याचे फोटो काढायचे, डाग मोजायचे. १८९५ मध्ये तिने तिथल्याच विभागप्रमुखाशी, माँडर यांच्याशी लग्न केलं आणि नियमाप्रमाणे तिची नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईला सरकारी जागा नाही. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी बायकांना सदस्यही करून घेत नव्हती. ते दार १९१६ मध्ये उघडलं. तर नोकरी नसलेली ही बाई तळणीला आली ती स्वतःच्या कल्पनेचा छोटा कॅमेरा घेऊन. मोठमोठ्या दुर्बिणींचा डोळा अरुंद. त्या सूर्याच्या कडेजवळचं सगळं बारीक दाखवतात, पण लांबवर गेलेलं फिकट काही त्यांच्या चौकटीत मावत नाही. तिच्या कॅमेऱ्याचं भिंग जेमतेम दीड इंचाचं, पण नजर रुंद.

दुपारी जेमतेम दोन मिनिटं सूर्य झाकला गेला. तेवढ्यात तिच्या काचेवर किरीटाचा एक सरळ, निमुळता झोत उमटला. सूर्यापासून इतक्या लांबवर गेलेला झोत तोवर कोणाच्या फोटोत आलेला नव्हता. सूर्याचं काहीतरी एका ठरावीक दिशेने, अरुंद वाटेने, दूर अवकाशात जातं याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. केल्व्हिन यांच्या गृहीताला पहिला तडा आपल्या वऱ्हाडात गेला, असं मी म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

दुसरा घाव वॉल्टर माँडर यांनी १९०४ मध्ये घातला. ग्रिनिचच्या सुईच्या नोंदी आणि डागांच्या नोंदी त्यांनी समोरासमोर ठेवल्या. कितीतरी वादळं २७ दिवसांनी परत येत होती. सूर्य पृथ्वीवरून बघता साधारण तेवढ्याच दिवसांत एक फेरी पुरी करतो. म्हणजे सूर्याच्या एखाद्या जागेवरून झोत निघतो आणि ती जागा दर फेरीला आपल्यासमोर आली की पृथ्वी त्यात न्हाऊन निघते. सगळीकडे सारखं पसरणारं काही असतं तर २७ दिवसांचा हा ताल कुठून आला असता? आज आपण जाणतो की असा तालात येणारा वारा बहुतेक वेळा किरीटातल्या विरळ, उघड्या भागांतून निघतो आणि १८५९ सारखी अक्राळविक्राळ वादळं सीएमई आणतात. माँडर यांना हा फरक माहीत असण्याचं कारण नव्हतं. दिशेचा मुद्दा त्यांनी सिद्ध केला, ते पुरेसं होतं.

ग्रहणाची वाट बघत बसायला नको म्हणून फ्रान्सच्या बर्नार लिओ यांनी १९३० मध्ये किरीटदर्शक केला. दुर्बिणीच्या आतच एक छोटी चकती, जी सूर्याची तबकडी झाकते. तरीही हवा उजेड विखुरते, म्हणून हे यंत्र हवेच्या वर न्यावं लागलं. १४ डिसेंबर १९७१ ला ओएसओ-७ या अमेरिकी उपग्रहाच्या चित्रांत सूर्याशेजारी एक उजळ भाग अचानक आला. बघणाऱ्याला आधी वाटलं, उपकरण बिघडलं. पुढच्या चित्रांत तो भाग बाहेर सरकताना दिसला, तेव्हा उलगडा झाला. सीएमई पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसली ती अशी, कॅरिंग्टननंतर एकशे बारा वर्षांनी. त्याआधी सगळा दोष ज्वालांवर होता. ज्वाला आणि सीएमई पुष्कळदा जोडीने येतात, पण ज्वाला म्हणजे उजेड, तो आठ मिनिटांत पोचतो. वादळ करणारा ढग एक ते तीन दिवसांनी येतो. ज्वाला न होताही सीएमई निघते आणि मोठी ज्वाला होऊनही काहीच निघत नाही, असंही घडतं.

आता हे होतं कसं? सूर्य घन नाही. त्याचा विषुववृत्ताजवळचा भाग ध्रुवांजवळच्या भागापेक्षा लवकर फिरतो. आतला तापलेला, विद्युतभारित वायू चुंबकीय क्षेत्र ओढत, ताणत, पिळत नेतो. डागांच्या जागी हे क्षेत्र पृष्ठभागातून कमानीसारखं वर येतं आणि कमानीचे पाय हलत राहतात, म्हणून पीळ वाढत जातो. गावाकडे चऱ्हाट वळताना ज्याने बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. दोर प्रमाणाबाहेर पिळला की तो सरळ राहत नाही, मधूनच उसळून वेटोळं घालतो. सूर्यावर चुंबकीय दोराचं असंच होतं. फरक एवढा की सूर्यावरचा दोर वरच्या कमानींनी दाबून धरलेला असतो. तो वर उसळला की खालच्या बाजूला विरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. या जोडणीत ऊर्जा मोकळी होते, ती ज्वाला. वरचं दडपण सैल होतं आणि दोर आपल्याबरोबर किरीटातला वायू घेऊन सुटतो, ती सीएमई. किरीटदर्शकात तिचं रूप बऱ्याचदा त्रिभागी दिसतं: पुढे उजळ कड, मागे काळी पोकळी, पोकळीत उजळ गाभा. पोकळी म्हणजे तो दोर. अकरा वर्षांच्या सौरचक्राच्या तळाशी असताना दोन-तीन दिवसांत एखादी, शिगेला असताना एका दिवसात अनेक.

एवढं कळल्यावर भाकीत सोपं असायला हवं. नाही. आणि नाही का, हीच या सगळ्या विषयातली मला सर्वांत गोड वाटणारी अडचण आहे.

पहिली अडचण दिसण्याची. सूर्याच्या कडेवरून बाजूला जाणारी सीएमई छान दिसते, तिचा वेग मोजता येतो, पण ती आपल्याकडे येतच नाही. जी थेट आपल्याकडे येते ती सूर्याभोवती सगळ्या बाजूंनी पसरणाऱ्या कड्यासारखी दिसते आणि तिचा आपल्या दिशेचा वेगच मोजायला सर्वांत अवघड. सोहो हे यान १९९६ पासून सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या एल-१ बिंदूजवळून अशी कडी टिपत आलं आहे. २००६ मध्ये स्टिरिओची दोन यानं बाजूने बघायला गेली. २३ जुलै २०१२ ला सूर्याच्या पलीकडून कॅरिंग्टनच्या तोलाची सीएमई निघाली, ती त्यांतल्या एका यानावरून गेली. तेव्हा तिच्या वाटेवर पृथ्वी नव्हती.

दुसरी अडचण जास्त मूलभूत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ उत्तरेकडे रोखलेलं आहे. येणाऱ्या ढगातलं क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर तो बराचसा घसरून निघून जातो. दक्षिणेकडे असेल तर सूर्यावर जशी रेषांची तोडजोड झाली तशीच पृथ्वीच्या दारात होते आणि ऊर्जा आत शिरते. म्हणजे केवढा ढग, किती वेगाने येतोय हे सगळं कळलं तरी त्याच्या पोटातली दिशा कळल्याशिवाय वादळ होईल की नाही ते सांगता येत नाही. आणि दिशा कळते ती ढग एल-१ वरच्या यानावर आदळल्यावर. तिथून पृथ्वी १५ लाख किलोमीटर. सेकंदाला ५०० किलोमीटरचा ढग असेल तर पन्नास मिनिटं मिळतात. कॅरिंग्टनच्या ढगासारखा, सेकंदाला २००० किलोमीटरचा असेल तर साडेबारा मिनिटं. साडेबारा मिनिटांत सरकारी कार्यालयात एक फाइल दुसऱ्या टेबलावर जात नाही.

म्हणून दोर सुटण्याआधी, सूर्यावरच त्याचा पीळ कोणत्या बाजूचा आहे हे वाचायचं, हा खरा ध्यास आहे. इथे आपल्या इस्रोचं आदित्य-एल१ हे यान येतं. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्यावरून सुटलं, कुलाब्याच्या त्या नोंदीच्या तारखेलाच, अर्थात तो योगायोग. ६ जानेवारी २०२४ ला आपल्या जागी पोचलं. त्यावर बेंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेचा किरीटदर्शक आहे, जो सूर्याच्या कडेच्या अगदी जवळून बघू शकतो, जिथे सोहोची चकती आडवी येते. आणि पुण्याच्या ‘आयुका’ने केलेली सूट ही दुर्बीण आहे, दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, अकरा गाळण्यांतून, सूर्याची पूर्ण तबकडी टिपते. यातला बराच प्रकाश आपला ओझोन अडवतो, त्यामुळे जमिनीवरून हे चित्र मिळणारच नव्हतं. दोराची मुळं जिथे रुतलेली असतात तो थर यात दिसतो. यानावर चुंबकमापक आणि कण मोजणारी उपकरणंही आहेत, म्हणजे उगम आणि एल-१ वरचं आगमन, दोन्ही एकाच यानावरून. माँडर नवरा-बायको ज्या दोन वह्या शेजारी ठेवायला आयुष्यभर झटले, त्या आता एकाच यानाकडून मिळतात. आणि ग्रहण? डिसेंबर २०२४ मध्ये इस्रोच्याच पीएसएलव्हीने युरोपची प्रोबा-३ ही जोडी वर नेली. दीडशे मीटर अंतर राखून एक उपग्रह दुसऱ्यासाठी सूर्य झाकतो, एका वेळी सहा तासांपर्यंत. तळणीला दोन मिनिटं होती.

आता तुमच्या प्रश्नांकडे. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन विश्वकिरण येणार आहेत, मोबाइल बंद ठेवा’ हा निरोप दरवर्षी कोणीतरी पुढे पाठवतो. त्यात तथ्य नाही. जमिनीवरच्या माणसाला वातावरणाचं आणि चुंबकीय क्षेत्राचं संरक्षण पुरेसं आहे. धोका आहे तो उपग्रहांना, लांब वीजवाहिन्यांना आणि अंतराळवीरांना. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मध्यम वादळाने वरची हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रह खाली आले.

शेतकऱ्याचा काय संबंध, असं एका ज्येष्ठांनी विचारलं. १० मे २०२४ ला एकामागून एक निघालेल्या अनेक सीएमई एकत्र होऊन आल्या. घट ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास होती, कुलाब्याच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी. लडाखात हानले इथे आकाश तांबडं झालं. आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ओळी चुकू लागल्या, लोकांनी पेरण्या थांबवल्या. आपल्याकडे जमीन मोजायला मोजणीदार आता रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संदेशावर चालणारं यंत्र, घेऊन येतो. तो संदेश वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, आयनांबरातून, येतो आणि वादळात तो थर खवळला की यंत्राला नेमकी जागा मिळायला वेळ लागतो किंवा मिळतच नाही. भारताच्या मध्यभागावर हा थर एरवीही बराच दाट आणि चंचल असतो, कारण विषुववृत्तावरून वर उचललेले कण इथे येऊन साचतात. तेव्हा मोजणीच्या दिवशी यंत्र अडलं, तर मोजणीदाराने शेजाऱ्याकडून पैसे खाल्ले असं लगेच ठरवू नका. एकदा सूर्याचीही चौकशी करा.

पावसाशी संबंध आहे का, हा प्रश्न जुना आहे. सूर्यावरचे डाग आणि हवामान यांचा विचार केरूनानांनीही केला होता. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याची एकूण ऊर्जा हजारात एक भागाइतकी बदलते. यंदाचा मृग बरसेल का, हे त्यावरून सांगता येणार नाही.

आदित्यची माहिती इस्रोने जानेवारी २०२५ पासून सर्वांसाठी खुली केली आहे. इथल्या कॉलेजातल्या मुलांना ती उतरवून घेता येते, त्यासाठी कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. संगणक आणि चिकाटी लागते. शाळेतल्या मुलांसाठी उद्या सकाळी साडेआठला, ढग नसतील तर, मैदानावर छोट्या दुर्बिणीतून कागदावर सूर्याचं प्रतिबिंब पाडू. दुर्बिणीला कोणीही डोळा लावायचा नाही, गॉगल घालूनसुद्धा नाही. कागदावर दिसतील ते डाग पेन्सिलीने उतरवायचे आणि खाली तारीख व वेळ लिहायची. पेन्सिली घेऊन या, कागद मी आणले आहेत.